निळ्या बिल्ल्याची फेरी

भोंग्याला भोंगा हे नाव का पडलं, याबद्दल ट्रकच्या यार्डात दोन मतं होती. एक मत असं, की त्याचा आवाजच तसला. डिझेलच्या पंपापाशी तो कुणाला गुपित सांगायला लागला, की पार पलीकडे टायर बदलणारे पाना खाली ठेवून ऐकायचे. दुसरं मत असं, की त्याला हॉर्नचं वेड. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी वळण आलं की हॉर्न दिल्याशिवाय त्याचं अन्न पचत नसे. पलीकडून कुणी येत नसलं तर त्यालाही कळायला नको का, असं तो विचारायचा, आणि या बोलण्यात नेमकं काय चुकतंय हे सांगायच्या भानगडीत कुणी पडायचं नाही.

घुम्याचं नाव मात्र एकमताने पडलेलं. हा उंच, हडकुळा, कपाळावर कायम एक आठी. दिवसभरात तो जेवढं बोले तेवढं सगळं चहाच्या एका कपात मावलं असतं, आणि वर सायीला जागा उरली असती.

हे दोघं एकाच ट्रकचे जोडड्रायव्हर. लांबच्या फेरीला दोघं लागतात: एक चालवतो, दुसरा सीटमागच्या फळीवर अंग टाकतो, मग अदलाबदल. बाकीच्या जोड्या टिकत नसत. एकाला खिडकी उघडी हवी, दुसऱ्याला बंद. एकाच्या मोज्यांचा वास दुसऱ्याच्या डोक्यात जायचा आणि पुढच्या महिन्यात दोघेही मुकादमासमोर तोंडं फिरवून उभे. ही जोडी मात्र वर्षानुवर्षं चालली. चालत्या ट्रकमध्ये झोप लागणं काही साधं काम नाही. चाकावर बसलेल्याच्या हातात आपला जीव देऊन मग डोळे मिटावे लागतात. घुम्या चालवायला बसला की भोंगा असा घोरायचा की टोलनाक्यावरची माणसं वाकून बघायची, गाडीत जनावर भरलंय की काय.

दोघांचं काय आहे हे यार्डाला ठाऊक होतं, पण कुणाच्या तोंडून निघत नव्हतं. निघालंच तर थट्टेच्या वाटेने. "काय भोंग्या, घरधन्याने डबा दिला का?" असं कुणीतरी विचारायचं, हसू व्हायचं, आणि हसण्यावारी गेलं की विषय संपायचा. हसणाऱ्यांना ते सोयीचं होतं. भोंग्यालाही बरीच वर्षं ते सोयीचं वाटलं.

मुळात हे जुळलं ते एका घाटात. दरड कोसळून रस्ता बंद झाला होता, पुढेमागे ट्रकांची रांग, बाहेर धुकं इतकं की स्वतःच्या ट्रकचं नाक दिसेना. केबिनमध्ये पाव आणि उकडलेली अंडी खाऊन झाली, अंड्यांची टरफलं कागदात गुंडाळून झाली, आता करायला काही उरलं नाही. तेव्हा भोंग्याने, समोरच्या काचेकडे बघत, आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात जे सांगायचं ते सांगितलं. घुम्याने टरफलांची पुडी बाजूला ठेवली. मग म्हणाला, "मोठ्याने बोल. ऐकू नाही आलं."

आता केबिन ती केवढी! शेजारच्याचा श्वास ऐकू येतो. पण घुम्याला ते मोठ्याने ऐकायचं होतं. भोंग्याने मोठ्याने सांगितलं. मागच्या ट्रकवाल्याने शिट्टी मारल्याची आठवण भोंगा अजून सांगतो, पण घुम्याच्या मते ती शिट्टी प्रेशर कुकरची होती; रांगेतल्या कुणीतरी रस्त्याकडेला स्टोव्ह पेटवला होता.

अशी ही जोडी फुटली ती डोळ्यांपायी. घुम्याची नजर हळूहळू उतरायला लागली होती. उन्हं कलली की तो आपणहून चाक भोंग्याकडे देई, एवढा तो जबाबदार. पण कंपनीची दर वर्षी डोळ्यांची तपासणी असे, आणि त्यात नापास झाला की ट्रकवरून खाली. मग या दोघांनी काय केलं, तर तपासणीचा तक्ताच पाठ केला. भोंगा आधी आत जायचा, वरपासून खालपर्यंत अक्षरं डोक्यात साठवायचा, आणि शिकवणी घ्यायचा. केबिनमध्ये भर दुपारी भोंगा ओळी म्हणतोय आणि घुम्या मागून म्हणतोय, हे ज्यांनी पाहिलं त्यांना वाटलं दोघं देवाधर्माला लागले. तक्ता दर वर्षी तोच असायचा. घुम्या इतका तयार झाला होता की शेवटच्या ओळीला मुद्दाम थोडा अडखळायचा, डॉक्टरला संशय नको म्हणून.

त्या वर्षी भोंग्याच्या दाढेने दगा दिला. गाल फुगलेला, तो दातांच्या डॉक्टरकडे. घुम्या तपासणीला एकटाच गेला. एक डोळा झाकला, छाती पुढे काढली आणि सगळा तक्ता एका दमात म्हणून दाखवला. अडखळायच्या जागी अडखळलासुद्धा. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "काका, तक्ता नवीन आहे. यात एकही अक्षर नाही, सगळे आकडे आहेत."

झालं. घुम्या घरी बसला.

घर म्हणजे भोंग्याच्या थोरल्या बहिणीच्या घरावरची खोली. ताई खाली राहायची, विधवा, शिवणकाम करायची, आणि जिभेला सुईपेक्षा जास्त धार. घुम्याला तिने कधी काही कमी केलं नाही. त्याच्या सदऱ्याचं बटण तुटलं तर न सांगता लावायची. पण शेजाऱ्यापाजाऱ्यांनी विचारलं की एकच उत्तर: "वर भाडेकरू आहे." इतकी वर्षं हा भाडेकरू तिच्या नळाचे वायसर बदलत होता, तिच्या मशीनला तेल घालत होता, तरी भाडेकरूच.

इकडे भोंग्याच्या ट्रकवर नवा जोडीदार आला. त्याचं नाव यार्डाने पहिल्याच आठवड्यात जावई ठेवलं, कारण त्याला सगळं बसल्या जागी लागायचं. पोरगा वाईट नव्हता. पण तो चाकावर बसला की भोंग्याची झोप उडायची. फळीवर पडून तो डोळे टक्क उघडे ठेवून प्रत्येक गिअर ऐकायचा, आणि पुढून जावई विचारायचा, "काका, झोपलात का?" झोपलेला माणूस यावर काय उत्तर देणार, हे त्याला कधी कळलंच नाही.

मग घुम्याच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात दारावरच्या नर्सने विचारलं, पेशंटचे तुम्ही कोण? भोंग्याच्या तोंडात जे तयार होतं ते निघालं: सोबतचा ड्रायव्हर. मग तुम्ही बाकावर बसा, म्हणाली ती. ताई मागून डबा घेऊन आली. तिने सरळ "बहीण" म्हणून सांगितलं आणि आत गेली. आतमध्ये पट्टी बांधलेला घुम्या हात चाचपडत होता, तो हात ताईने धरला. तिला तोवर त्याच्याशी बोलायला चार वाक्यंही कधी सुचली नव्हती. आणि ज्याने धरायचा तो बाहेर बाकावर, समोरच्या भिंतीवरचं हात धुण्याचं चित्र बघत बसला होता. तिथे भोंग्याच्या डोक्यात काहीतरी फिरलं. नर्सवर त्याचा राग नव्हता. राग होता तो स्वतःच्या जिभेवर, की एरवी यार्डभर गाजते आणि ऐन वेळी असली मिळमिळीत निघते.

डॉक्टरांनी निघताना सांगितलं, नजर फार दिवस टिकायची नाही, जे बघायचं ते लवकर बघून घ्या. घुम्याने घरी येऊन बराच वेळ खिडकीबाहेर बघितलं आणि मग म्हणाला, "समुद्राच्या रस्त्याने मी कधी शेजारच्या सीटवर बसून गेलोच नाही. एक तर चाकावर असायचो, नाही तर झोपलेला."

घुम्याने एका दमात एवढं बोलणं म्हणजे मागणीच होती. आणि ती पुरी करायची सोय कंपनीत होती: निळा बिल्ला.

त्या बिल्ल्याचीही गोष्ट आहे. कंपनीचा पहिला मालक स्वतः ड्रायव्हर. एकदा त्याची बायको त्याला म्हणाली, तुम्हाला ट्रकचा नट न् नट ठाऊक आहे, आणि माझा गुडघा दोन वर्षं दुखतोय हे ठाऊक नाही. मालक शरमला. त्याने नियमच करून टाकला, की प्रत्येक ड्रायव्हरने वर्षातून एकदा बायकोला शेजारी बसवून समुद्राकडची फेरी करायची. एका दिवसाची फेरी, जोडड्रायव्हरची गरज नाही. मुकादमाच्या खोलीत भिंतीवर खिळ्यांची रांग, प्रत्येक खिळ्याखाली ड्रायव्हरचं नाव, प्रत्येक खिळ्यावर निळा पत्र्याचा बिल्ला. तो काचेत लटकवला की फाटक उघडायचं. फाटकावरचा म्हातारा रखवालदार प्रत्येक बाईला तोच प्रश्न विचारायचा: "वहिनी, आमच्या ड्रायव्हरला परत आणाल ना?" वहिनी लाजून किंवा ठसक्यात काहीतरी उत्तर द्यायची, आणि मागचे सगळे ट्रक हॉर्न वाजवून त्यांना निरोप द्यायचे. त्या वेळी ज्याची फेरी त्याने स्वतः हॉर्न वाजवायचा नाही, अशी रीत. भोंग्याने इतरांच्या बायकांसाठी एवढा हॉर्न वाजवला होता की त्याचा भोंगा दोनदा जळला होता.

इतरांचे बिल्ले वापरून वापरून पांढुरके पडले होते. भोंग्याचा बिल्ला खिळ्यावर कोराकरकरीत, आणि खिळा मात्र गंजलेला.

भोंगा मुकादमाकडे गेला. मुकादम भला माणूस, पण भल्या माणसांना गोष्टी वाकवून सोप्या करायची सवय असते. त्याने चहा मागवला. म्हणाला, घुम्याला न्यायचंय ना, खुशाल ने. मी त्याला मदतनीस म्हणून सोडतो, पिवळा बिल्ला देतो. भोंगा म्हणाला, मदतनीस नाही तो. मग मालासोबतचा माणूस म्हणू. माल माझा मी पोचवतो. मग चुलतभाऊ? मुकादमाने एकामागून एक नाती काढली, जणू कापडाच्या दुकानात ठाणं उलगडतोय. भोंगा एकेकाला मान हलवत गेला. शेवटी मुकादम वैतागला.

"अरे, नियम बायकोचा आहे."

"मग माझं जे आहे ते हेच आहे, मुकादम. मला निळा हवा."

"आम्हाला काय माहीत नाही का रे? सगळ्यांना माहीत आहे. बोलायची काय गरज?"

"माहीत आहे म्हणता, मग नाव घ्यायला तोंड का कडू होतं?"

मुकादमाने चहा संपवला आणि सांगितलं, पिवळा घे नाही तर फेरी सोड. खोलीबाहेर जावई उभा होता. त्याने पायरीपर्यंत सोबत केली आणि समजुतीच्या सुरात सांगितलं, की काका, आमचा कुणाचा आक्षेप नाही, पण चारचौघांत कशाला? भोंग्याने त्याला विचारलं, तुझं लग्न झालं तेव्हा कितीजण जेवायला होते? जावयाने अभिमानाने आकडा सांगितला. "मग माझ्याच वेळी चारचौघांची एवढी काळजी का रे?" म्हणत भोंगा ट्रककडे चालू लागला.

खरी लढाई घरी झाली. घुम्याने सगळं ऐकलं आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा भोंग्यावर ओरडला. म्हणाला, पिवळा काय, निळा काय, काच तीच आणि समुद्रही तोच. डोळे माझे चाललेत, आणि हट्ट तुझा. तुझ्या मानापायी माझी फेरी बुडाली तर मी काय करायचं? ताई जिन्यात उभी राहून ऐकत होती. ती वर आली आणि भावालाच बोलली. भाऊ म्हण नाही तर मामा म्हण, जीभ झिजते का तुझी?

घुम्या म्हणत होता ते खरंच होतं. तो खाटेवर बसला. एका बुटाची नाडी सोडली, परत बांधली. मग म्हणाला, "दवाखान्यात मी सोबतचा ड्रायव्हर झालो आणि बाकावर बसलो. ताई, हात तू धरलास. उद्या याला अजिबात दिसेनासं झालं, आणि कुणी विचारलं की हा कोण, आणि मी मदतनीस म्हणालो, तर परत मला बाकावरच बसवतील." मग घुम्याकडे वळून, "घाटात तूच म्हणाला होतास. मोठ्याने बोल."

ताईने उगाच पदराचं टोक दुमडलं. घुम्या खिडकीशी जाऊन उभा राहिला आणि पाठ वळवूनच म्हणाला, "सकाळी माझा निळा सदरा काढून ठेव."

ताई खाली गेली. थोड्या वेळाने तिच्या मशीनचा आवाज आला. सदऱ्याची कॉलर उलटवून शिवत होती.

सकाळी यार्डात ट्रक लागलेले, सगळ्यांची निघायची वेळ. भोंगा घुम्याचा हात धरून मुकादमाच्या खोलीत शिरला. पायऱ्या घुम्याला नीट दिसत नव्हत्या, म्हणून धरला होता. पण आत गेल्यावरही सोडला नाही. दुसऱ्या हाताने त्याने सरळ भिंतीवरचा आपला निळा बिल्ला उचलला. खिळाही हातात आला, इतका तो गंजला होता.

मुकादमाने पटकन खिडकीकडे तोंड वळवलं. म्हणाला, "जा. मी काही बघितलं नाही."

भोंगा दारातून परत आला. "नाही मुकादम. बघा. बघून मग काय ते ठरवा. अडवायचं तर अडवा, पण बघा."

मुकादमाला वळावं लागलं. त्याने दोघांकडे बघितलं, धरलेल्या हाताकडे बघितलं, घुम्याच्या नव्या कॉलरीकडे बघितलं. अडवायचं तर आत्ता अडवायला हवं होतं. शेवटी त्याने टेबलावरची हातोडी आणि खिळ्यांची डबी भोंग्यापुढे सरकवली आणि म्हणाला, "खिळा ठोकून जा. भिंत खराब करून चाललास."

भोंग्याने खिळा ठोकला. नवा, लांब, पुढच्या वर्षालाही पुरेल असा.

ट्रक फाटकाशी आला. काचेत निळा बिल्ला, शेजारच्या सीटवर घुम्या, गुडघ्यावर हात ठेवून, वर्गात पहिल्या दिवशी बसतात तसा. रखवालदाराने बिल्ला बघितला, घुम्याला बघितलं, आणि काही न विचारता फाटक उघडलं.

भोंग्याने ट्रक हलवला नाही.

"जा की," रखवालदार म्हणाला.

"काका, विचारा."

"काय विचारू?"

"सगळ्यांना विचारता ते."

म्हातारा इकडेतिकडे बघू लागला. कुणीतरी यातून सोडवावं असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं. भोंग्याने इंजिन बंद केलं आणि हाताची घडी घातली. पाठीमागे ट्रकांची रांग लागलेली, प्रत्येकाला वेळेत पोचायचं. पहिल्याने हॉर्न दिला. मग त्याच्या मागच्याने. मग पार डिझेलच्या पंपापर्यंत एकजात सगळे कोकलायला लागले. जावई तर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन एका हाताने हॉर्न दाबत होता आणि दुसऱ्या हाताने खुणा करत होता, त्या खुणा कसल्या ते लांबून कळत नव्हतं. एवढा कल्लोळ त्या यार्डात कुठल्याच वहिनीच्या वाट्याला आला नव्हता. त्यातला शिव्यांचा किती आणि निरोपाचा किती, हे भोंग्याने कधी कुणाला विचारलं नाही. हॉर्न होता, आणि तो त्यांच्या फेरीला होता. भोंगा मागे रेलून ऐकत राहिला.

शेवटी रखवालदाराने खिडकीपाशी येऊन टोपी मागे सारली. वहिनी म्हणणं त्याच्या जिभेवर येईना. पण घुम्याच्या मिशा काळ्या होत्या तेव्हापासून तो त्याला ओळखत होता. "काय रे घुम्या," तो म्हणाला, "आमच्या ड्रायव्हरला परत आणशील ना?"

घुम्याने मान त्याच्याकडे वळवली. मागचे हॉर्न चालूच होते, तेव्हा हळू बोलून भागणार नव्हतं. त्याने छाती भरून घेतली आणि असा आवाज काढला की पहिल्या दोन ट्रकवाल्यांचे हात हॉर्नवरून निघाले.

"आणतो की. माझंच माणूस आहे, टाकून कुठे देऊ?"

भोंग्याने किल्ली फिरवली. फाटकाबाहेर पडल्यावर रीत मोडून स्वतःच हॉर्नवर हात ठेवला, आणि चढ संपून पहिलं वळण येईपर्यंत काढला नाही. तिथे घुम्याने न बघता हात लांब करून तो बाजूला सारला. म्हणाला, आता पुरे, समुद्र पळून जाईल.